हत्यारांवर वाळलेला गोंद

नमस्कार श्रोतेहो. करणी, पकड, पटाशी, पुट्टीची पट्टी. बांधकामाचा गोंद ओला असताना पुसायचा राहिला की दुसऱ्या दिवशी तो हत्याराचाच भाग होऊन बसतो. मग लोक ताराच्या ब्रशनं घासत सुटतात. गोंद तसाच राहतो आणि निघतो तो क्रोमचा मुलामा. म्हणून पहिली गोष्ट: गोंद कोणता ते ओळखा. ट्यूब किंवा डबा सापडला तर त्यावर वाचा.

ओळखायचं कशासाठी, ते एका किश्शातून चांगलं कळतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेलं एक रसायन ज्याला लागेल त्याला चिकटायचं. वैतागून ते बाजूला ठेवलं गेलं. पुढे 1951 मध्ये कूव्हर यांच्या देखरेखीखाली जेट विमानांच्या काचेसारख्या छतासाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधणं चालू होतं. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याच कुळातल्या रसायनाचा थर रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन लोलकांमध्ये पसरवला. त्यातून प्रकाश किती वळतो, एवढंच मोजायचं होतं. मोजून झालं, पण लोलक काही उघडेनात! महागडं उपकरण कायमचं बंद. कूव्हर यांच्या मात्र लक्षात आलं की हा तर गोंद आहे, तोही ना तापवावा लागणारा, ना काही मिसळावा लागणारा. 1958 मध्ये तो ‘ईस्टमन 910’ या नावानं विकायला आला. आज घराघरात असलेला झटपट गोंद तो हाच.

उपकरण अडकलं कशानं? काचेवर नेहमीच ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा असतो. तेवढ्या ओलाव्यानं या गोंदाचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात. पण त्या साखळ्या सुट्या असतात, म्हणून अ‍ॅसिटोन, म्हणजे झटकन उडणारं एक द्रावक, त्यांच्यात शिरतं आणि गोंद मऊ पडतो. पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा) या दुसऱ्या गोंदांच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. त्या विरघळत नाहीत, फार तर फुगतात. आणि फुगलेला थर खरवडून निघतो. पुन्हा सांगतो: विरघळायची वाट पाहू नका, फुगवा आणि खरवडा.

आता कृती. झटपट गोंद, रबरी गोंद आणि पॉलियुरेथेन यांसाठी कापडाची घडी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून डागावर गुंडाळा आणि वरून साधी पॉलिथिनची पिशवी बांधा. नुसतं ओतलं तर अ‍ॅसिटोन मिनिटभरात उडून जातं; लोक इथेच चुकतात. अर्ध्या-एक तासानं पाहा. पॉलियुरेथेनला दोन-तीन फेऱ्या लागतात. मूठ प्लास्टिकची असेल तर अ‍ॅसिटोन तिथे लागू देऊ नका, पेचकसाच्या मुठी त्यानं चिकट होतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर त्यात अ‍ॅसिटोन आहे का, आधी पाहा, नसलेलेही मिळतात. पांढरा, पाण्याचा गोंद मात्र तासभर गरम पाण्यात ठेवला की पुरतो. सिलिकोनला अ‍ॅसिटोन दाद देत नाही, ते पात्यानंच काढायचं. (‘सगळं चिकटवतो’ असं डब्यावर ठळक छापणाऱ्यांनी ‘कशानं निघतो’ हेही तितक्याच ठळक छापायला काय हरकत आहे?)

इपॉक्सीला उष्णता लागते. पूर्ण धातूचं हत्यार उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, चिमट्यानं काढा आणि गरम असतानाच खरवडा. हीट गन नको. ती 500 अंशांपर्यंत जाते, आणि साध्या कार्बन पोलादाचं पातं सुमारे 220 अंशांना पिवळसर, 300 च्या आसपास निळं पडतं. निळ्या पडलेल्या पटाशीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, तिची धार टिकत नाही. पाणी 100 अंशांपुढे जात नाही, म्हणून तेच बरं. शिवाय तापलेल्या पॉलियुरेथेनची वाफ फुफ्फुसांना घातक असते.

खरवडताना पातं जवळजवळ आडवं धरा आणि हातापासून दूर ढकला. उरलेला चिकटा पितळी ब्रशनं काढा. अ‍ॅसिटोनची वाफ उणे 20 अंशांनाही पेट घेऊ शकते; खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी नको, ओली कापडं बाहेर वाळवा.

शेवटी हत्यार कोरडं करून तेलाचा हलका हात फिरवा, कारण अ‍ॅसिटोन पोलादावरचं तेल धुऊन नेतं आणि उघडं पोलाद लगेच गंजतं. पुढच्या कामाआधी करणीला फरशीचं मेण चोळून ठेवलं तर सुकलेला थर बहुतेक वेळा नखानंच सुटतो.