एकच आकाश, दोन कारभार

प्रवासी विमान आणि सरावावरचे लष्करी विमान यांची टक्कर थोडक्यात टळल्याची बातमी आली, की वैमानिकाला समोरचे विमान दिसले कसे नाही, असे हमखास विचारले जाते. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

२१ एप्रिल १९५८ रोजी लास व्हेगासजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-७ आणि अमेरिकी हवाई दलाचे एफ-१००एफ हे लढाऊ विमान २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळले आणि ४९ जण मृत्युमुखी पडले. लढाऊ विमानातला शिकाऊ वैमानिक, बाहेरचे काही दिसू नये म्हणून मुद्दाम लावलेल्या आच्छादनाखाली, केवळ उपकरणे वाचत खाली येण्याचा सराव करत होता. सोबत प्रशिक्षक होता खरा. पण दोन्ही विमाने सेकंदाला तीनशे मीटरहून अधिक वेगाने एकमेकांजवळ येत होती. दूरवरचा ठिपका हेरून, ते विमान आहे हे ओळखून आपले विमान वळवायला जेवढे सेकंद लागतात, तेवढे हाती उरतीलच अशी खात्री या वेगात देता येत नाही.

जपानमधले शिझुकुइशीचे प्रकरण याहून बोलके आहे. ३० जुलै १९७१ रोजी चितोसेहून टोकियोकडे निघालेले ऑल निप्पॉन एअरवेजचे बोइंग ७२७ सुमारे २८,००० फुटांवर असताना हवाई दलाचे एफ-८६ सेबर त्याच्या शेपटीला धडकले. बोइंगमधील सर्व १६२ जण गेले. सेबरचा शिकाऊ वैमानिक मात्र हवाई छत्रीने उतरून वाचला. आपल्या प्रशिक्षकाच्या विमानामागे राहण्यात त्याचे लक्ष गुंतले होते, आणि शिकाऊ माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? खरा दोष असा, की सराव करता करता ही जोडी नागरी हवाईमार्गाच्या पट्ट्यात शिरली होती. संरक्षण खात्याच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यानंतर सरावक्षेत्रे व नागरी मार्ग कटाक्षाने वेगळे करण्यात आले.

आता टक्कर टाळणारी यंत्रणा विमानातच असते. पण समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे त्याची ओळख आणि उंची रेडिओ संकेतांनी कळवणारे उपकरण, चालू असेल तरच तिला ते कळते, आणि जमिनीलगत ती वर जा किंवा खाली जा असा आदेश देत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी जेट यांची टक्कर होऊन ६७ जण गेले, तेव्हा जेटच्या वैमानिकांना मिळाली ती केवळ सावधगिरीची सूचना. त्याआधीच्या सुमारे सव्वातीन वर्षांत त्याच विमानतळाभोवती विमाने आणि हेलिकॉप्टरे आडवे एका सागरी मैलाहून व उभे ४०० फुटांहून कमी अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. माहितीचा तुटवडा नव्हता, ती पाहून मार्ग बदलण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती.

आपल्याकडे पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे. दोन्हीकडे हवाई नियंत्रण लष्कराच्याच हाती असल्यामुळे लढाऊ आणि प्रवासी विमाने निदान एकाच नियंत्रकाच्या नजरेखाली येतात. दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास नागरी उड्डाणे बंद ठेवली जात, यावर गोव्याच्या पर्यटन व्यावसायिकांनी पुष्कळ कुरकुर केली. त्यांचे नुकसान खरे होते. तरीही ते वेळापत्रक मला योग्यच वाटते.