डोळे उघडे ठेवून बसा

नमस्कार श्रोतेहो.

देवघरात बसावं, डोळे मिटावेत, आणि दोन मिनिटांत दळणाचा डबा, मुलाची फी, काल शेजारीण काय बोलली ते सगळं समोर यावं, असं कितीतरी जणांचं होतं. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, की आपल्या नशिबात काही ध्यान नाही. ज्यांचं मन डोळे मिटून रमतं त्यांनी ते खुशाल करावं. ज्यांचं रमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती कमी प्रतीची मुळीच नाही. डोळे उघडे ठेवायचे आणि आपल्या बाहेर बघायचं.

आपला बेळगाव-खानापूरचा मुलूख या कामी भाग्यवान आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पूर्वेकडे सौंदत्तीवरून जाते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. त्याच तालुक्यातून म्हादई नदी पश्चिमेला निघते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एकाच सरीचं पाणी डोंगराच्या अलीकडे पडलं की बंगालचा उपसागर, पलीकडे पडलं की अरबी समुद्र! आपण उगमाला हात जोडतो ते उगीच नाही. पण गाडीतून उतरून नमस्कार केला, फोटो काढला, भजी खाल्ली, एवढ्यानं आत काही हलत नाही. त्यासाठी एका जागी बसावं लागतं.

जागा घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असावी. लांबची जागा कितीही देखणी असली तरी तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद पडतं. गावची देवराई, शेताचा बांध, तळ्याचा काठ, काहीही चालेल. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि पहाटे-तिन्हीसांजेला ती फिरतात. बसण्याआधी काठीनं पालापाचोळा हलवून बघा. दगडाच्या कपारीत हात घालू नका, तिथे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं.

वेळ उजाडतानाची. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. त्याआधी पंधरा मिनिटं पोचा. अंगावर मळकट रंगाचे कपडे, खाली गोणपाट, फोन घरी किंवा बंद. आता महत्त्वाची गोष्ट: तुम्ही पोचलात की पाखरं गप्प होतात. माणूस हलेनासा झाला की दहा-पंधरा मिनिटांनी ती पुन्हा आपापल्या कामाला लागतात. आणि नेमकं त्याच्या आधी, "इथे काही नाही" म्हणून बहुतेक जण उठतात. म्हणून निदान अर्धा तास बसा.

आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत आपल्या श्वासापर्यंत या आणि पुन्हा लांब जा. पावसाळ्यात ओढ्याकाठी असाल तर उजाडण्याआधी शीळकरी कस्तुर हा पक्षी ऐकू येईल. एखादा पोरगा चाल विसरत विसरत शीळ घालतोय असंच वाटतं.

मग नजर हातभर जागेवर आणा. आपल्या रानात झाडाच्या फांदीवर तपकिरी पापुद्र्यांचा गोळा दिसतो. ते मुंग्यांचं घर. पालापाचोळा चघळून मुंग्या ते पापुद्रे बनवतात. जवळून पाहा, पण हात लावू नका: डिवचलेली मुंगी पोटाचा मागचा भाग थेट पाठीवर उचलते. त्या गोळ्याला बाजूनं गोल भोक दिसलं तर तिथेच थांबा. तांबूस सुतार पक्षी मुंग्यांच्या नांदत्या घरात भोक पाडून आत अंडी घालतो. ज्या मुंग्या तो खातो, त्यांच्याच घरात त्याची पिल्लं वाढतात. हे बघताना दळणाचा डबा आठवत नाही. मन आवरायला वेगळी खटपट करावी लागत नाही, कारण त्याला धरायला काहीतरी मिळालेलं असतं. डोळे मिटल्यावर सगळं "मी"भोवती फिरतं. इथे "मी"ची गरजच कोणाला नाही, आणि ते कळलं की अंगावरचं ओझं उतरतं. आमच्या मते भक्तीची सुरुवात इथूनही होते.

शरीरालाही ते कळतं. 1984 साली रॉजर उलरिच या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

बिघडतं कुठे, तर पहिली खोड नावांची. पक्ष्याचं नाव कळलं की आपण त्याच्याकडे बघणं सोडतो आणि यादी वाढवत बसतो. नावं घरी येऊन शोधा. दुसरी खोड जागा बदलण्याची. जूनमध्ये चिखल, श्रावणात गवत, माघात पानगळ, हे एकाच जागेवर पाहिलं तरच फरक डोळ्यांत भरतो. तिसरी खोड, "आज काही अनुभव आला नाही" म्हणून खट्टू होण्याची. पुष्कळ दिवस नुसते डासच चावतात. तेही बसण्यातच धरायचं. काजवे बघायला जाणाऱ्यांनी, मेअखेरीस किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास, बॅटरी पेटती ठेवू नये. उजेडात काजव्याला जोडीदार सापडत नाही, आणि तुम्हालाही काही दिसत नाही.

आणि मन आठवडेच्या आठवडे काळवंडलेलं असेल, झोप-भूक गेली असेल, तर आधी डॉक्टरकडे जा, मग रानात.

शहरातल्यांनी हळहळू नये. बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडं आहेत, किल्ल्याजवळ तळं आहे. पावसात मात्र छत्री घेऊन बसू नका, तिच्यावरच्या ताशापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. देवळाची ओसरी गाठा, आणि घरात जुनं इरलं, म्हणजे पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, पडलं असेल तर ते काढा.