शालेय कुस्ती: तराजूपासून गोलाच्या रेघेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा उघडल्या, पाऊस लागला, की तालमीतालमीत एक प्रश्न सुरू होतो: पोरगं यंदा कुठल्या वजनात घालायचं? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न तालुका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सुटतो. किराणा दुकानातल्या काट्यावर पोराला उभं करतात, दीड किलो जास्त भरतं, मग रात्रीचं जेवण बंद, सकाळी दोन बनियनवर जर्किन घालून पळणं, आणि वजन बसलं की सगळे खूश. त्या खुशीची किंमत पुढे राज्य स्पर्धेत मोजावी लागते. ती कशी, ते आज सांगायचं आहे. हे बोलणं वस्तादांसाठी, क्रीडाशिक्षकांसाठी आहे, आणि त्याहून जास्त आईवडिलांसाठी.

शालेय कुस्ती राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. महापालिकांच्या स्पर्धा वेगळ्या होतात. क्रीडा खात्याचे विभाग आठ: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. फ्रीस्टाइल मुलांना आणि मुलींना, ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखाली पकड चालत नाही ती कुस्ती, फक्त मुलांना. राज्याला जिंकणारा पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धेत महाराष्ट्राकडून उतरतो. आठ विभागांतून एकेक मल्ल आला, तर तीन कुस्त्या जिंकल्या की सुवर्णपदक. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या तीन कुस्त्यांपर्यंत पोचायला तालुक्यापासून कित्येक महिने जातात, आणि अडचण नेमकी त्या महिन्यांत आहे.

१४ ते १६ वर्षांचं पोर वाढतं. दूध, भाकरी, मेहनत नीट असेल, तर ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत दोन-तीन किलो सहज चढतात, आणि ते चढायलाच हवेत. जागतिक कुस्ती संघटनेचा १७ वर्षांखालच्या मुलांचा फ्रीस्टाइलचा तक्ता असा: ४१ ते ४५ हा पहिला गट, मग ४८, ५१, ५५, ६०, ६५, ७१, ८०, ९२ आणि ११०. मुलींचा ३६ ते ४० पासून सुरू होतो, मग ४३, ४६, ४९, ५३, ५७, ६१, ६५, ६९ आणि ७३. आता ज्या पोराचं वजन जूनमध्ये साडेएकोणपन्नास आहे, त्याला तालुक्याला उपाशी ठेवून ४८ मध्ये घातलं. तो जिंकला. जिल्हा, विभाग, राज्य, सगळीकडे आता त्याला ४८ मध्येच खेळायचं आहे, कारण मधल्या वाटेवर गट बदलता येत नाही. राज्याच्या वेळी त्याचं खरं वजन ५२ झालेलं असतं. चार किलो! मग तो आठवडाभर पाणी तोडतो, वजन बसवतो, आणि पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या फेरीला त्याच्या मांड्या भरून येतात. लोक म्हणतात, पोरगं राज्याच्या गर्दीला बुजलं. पोरगं बुजलेलं नसतं, ते वाळलेलं असतं.

म्हणून गट जूनमध्येच ठरवा, आणि आजच्या वजनावर ठरवू नका. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, कपडे उतरवून वजन घ्या, महिनाभर आठवड्यातून दोनदा वहीत लिहा. त्यात पोराच्या वाढीचे दोन-तीन किलो मिळवा. जो आकडा येईल, तो ज्या गटात बसतो तो त्याचा गट. साडेएकोणपन्नासच्या पोराला ५१ सुद्धा अडचणीचा पडेल, ५५ बरा. पहिल्या वर्षी तिथं मार खाईल. खाऊ दे. पुढच्या वर्षी त्याच गटात तो अंगानं भरलेला असेल.

पाणी तोडण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं, की दम घटायला लागतो. ५० किलोच्या पोराला दोन टक्के म्हणजे फक्त एक लिटर. १९९७ मध्ये अमेरिकेत जेमतेम महिनाभरात तीन कॉलेजचे कुस्तीगीर वजन तोडताना गेले. रबरी सूट, गरम खोली, सायकल, पाणी बंद, असाच तो प्रकार होता. त्यानंतर तिथल्या नियमांना धार आली. आज तिथल्या शालेय कुस्तीत हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे का ते बघतात, मगच वजन घेतात. अंगातली चरबी मुलांची ७ टक्के आणि मुलींची १२ टक्क्यांच्या खाली जाणार नाही, असा गट धरतात, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवू देत नाहीत. ५० किलोच्या पोराला हे झाले आठवड्याला ७५० ग्रॅम. आपल्याकडे असा तपास होत नाही, पण हा हिशेब कुठल्याही तालमीच्या भिंतीवर खडूनं लिहिता येतो. लघवी गडद पिवळी दिसली, तर त्या दिवशी त्या पोराला माती नको, पाणी हवं. आणि वजन कमी करायच्या गोळ्या किंवा जुलाबाचं औषध पोराच्या हातात कोणी देत असेल, तर त्या माणसाला तालमीबाहेर काढा.

राज्याच्या ठिकाणी वजनाच्या आधी डॉक्टर अंग तपासतात. नखं कापलेली हवीत, अंगावर गजकर्ण, नायटा, पिकलेले फोड नकोत. गजकर्ण तर तालमींचा जुनाच पाहुणा. मातीत आपण हळद, ताक, लिंबू, कापूर घालतो, माती वरखाली करतो. मॅटला हे काही नसतं. मॅट रोज जंतुनाशकानं पुसली नाही, तर एका पोराचं गजकर्ण आठवड्यात दहा जणांना होतं. स्पर्धेच्या आठ दिवस आधी मेडिकलमधून कुठलंही मलम आणून चोपडलं, की लाली जाते, पण त्या मलमात स्टेरॉइड असेल तर बुरशी आतून पसरते, आणि वजनाच्या दिवशी नेमकी वर येते. कातडीच्या डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. औषध पूर्ण संपवा. पंचे आणि लंगोट वेगळे ठेवा, उन्हात वाळवा.

वजन कॉस्च्युमवर, म्हणजे मॅटच्या कुस्तीच्या अंगाबरोबरच्या पोशाखावर घेतात, आणि कॉस्च्युमच्या वजनाची सूट मिळत नाही. काही स्पर्धांत एखाद-दोन किलोची सवलत असते, काहींत अजिबात नसते. ती त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायची, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जायचं नाही. पॅरिसला २०२४ मध्ये ५० किलोत अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगाटला दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली, हे सगळ्या देशानं पाहिलं. तिच्याबरोबर जाणकारांचा ताफा होता. आपल्या पोराबरोबर एक शिक्षक असतो. त्यामुळे घरचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत २०० ग्रॅमचा फरक निघेल, हे आधीच धरून चाला. वजन झाल्यावर पोराला थंडाईचा तांब्या देऊ नका. बदाम, तूप पोटात जड होऊन बसतात आणि कुस्ती तासा-दोन तासांत लागते. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोटघोट, एक-दोन केळी, वेळ असेल तर मऊ भात आणि पातळ वरण. थंडाई संध्याकाळी.

आता कुस्तीकडे येऊ. राज्य स्पर्धा मॅटवर होते, आणि आपली बरीच पोरं मातीतून येतात. मातीत तयार झालेलं अंग कुठं कमी पडत नाही. कराडच्या टिळक हायस्कूलचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला मॅटवर सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. मधल्या चार वर्षांत त्यांनी मॅटची सवय केली. आपल्या पोरांना मात्र आपण स्पर्धेच्या आदल्या दिवशी मॅट दाखवतो.

मातीत रेघ नसते. मॅटवर ९ मीटर व्यासाचा गोल असतो, त्याच्या कडेनं आतल्या बाजूला एक मीटरचा रंगीत पट्टा. उभ्या कुस्तीत एक पाऊल गोलाबाहेर पडलं, की समोरच्याला एक गुण. मातीतलं पोर दाब आला की मागे सरतं, कारण मागे सरणं त्याच्या दृष्टीनं डावच असतो. इथं दोनदा मागे सरला की दोन गुण गेले. उपाय फुकटचा आहे. आखाड्याच्या किंवा मैदानाच्या मधोमध खुंटी ठोका, साडेचार मीटर दोरी बांधा आणि फक्कीनं गोल मारा. मग दोरी साडेतीन मीटर करून आतला गोल मारा. मधला पट्टा म्हणजे धोक्याची जागा. पोराला पाठ रेघेकडे करून तिथं उभं करा आणि तिथून वळून समोरच्याला बाहेर काढायला लावा, रोज दहा वेळा. महिन्याभरात त्याला पायाखालची रेघ न बघता कळायला लागते.

दुसरी अडचण पकडीची. मातीत अंगाला माती लागते, हात घसरत नाही, आणि जांघियाला हात घालून मोळी किंवा घिस्सा असे डाव मारता येतात. मॅटवर अंग घामानं निसटतं आणि कॉस्च्युम धरणं नियमबाह्य आहे. हाताला लागलेली ही सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणून शेवटचे सहा आठवडे जांघिया न धरता लढत घ्या. मनगट, कोपर, मान आणि टाच, पकड इथंच बसली पाहिजे.

गुणांचा हिशेब पोराला तोंडपाठ हवा. समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला, की दोन. खाली घेतल्यावर भारंदाजानं, म्हणजे कमरेला विळखा घालून लोळवून, पाठ मॅटकडे वळवली, की आणखी दोन, आणि भारंदाज एकामागे एक लागत गेले तर कुस्ती एका मिनिटात संपते. कारण फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की विजय जाहीर होतो, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांची. उभ्यानं उचलून थेट पाठीवर टाकला, तर चार. चीतपट झाली, तर सगळा हिशेब बंद. पण ढाक, म्हणजे कमरेवरून फेकायचा डाव, मारताना कंबर पुरेशी आत गेली नाही आणि आपणच पाठीवर आलो, तर गुण समोरच्याचे. माझ्या मते शालेय गटात सर्वात जास्त गुण जातात ते इथंच. पहिल्या मिनिटाला ढाक किंवा खांद्यावर उचलून टाकायची कलाजंग मारायची घाई नको. आधी एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून खाली घेणं, ताबा, मग भारंदाज. लोक टाळ्या वाजवणार नाहीत, पण पंचांच्या फळीवर चार गुण चढलेले असतील.

१७ वर्षांखालच्यांना दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. खडाखडीत, म्हणजे डाव न करता नुसत्या हातांच्या झटापटीत, मिनिट घालवणाऱ्याला पंच आधी ताकीद देतात. पुन्हा तसंच झालं, तर फ्रीस्टाइलमध्ये ३० सेकंद लावतात, आणि त्यात कोणालाच गुण मिळाला नाही तर एक गुण समोरच्याला जातो. बरोबरी झाली, तर मोठा डाव कोणाचा, हे आधी बघतात. एकानं दोन-दोन करून चार केले आणि दुसऱ्यानं एकाच डावात चार घेतले, तर दुसरा जिंकला. डावांतही बरोबरी असेल तर ताकिदी कोणाला कमी, आणि तीही सारखी असेल तर शेवटचा गुण कोणाचा. म्हणजे एक-एक अशा फळीवर ज्यानं नंतर गुण घेतला तो पुढे असतो, आणि मागे असलेल्या पोराला हे ठाऊकच नसतं. ते बरोबरी आहे समजून शेवटची २० सेकंदं नुसतं धरून उभं राहतं. कोपऱ्यात बसणाऱ्या शिक्षकानं ओरडून सांगायचं असेल, तर एवढंच सांगावं: तू मागे आहेस, पट काढ. "जोर लाव, मार त्याला" यातून पोराला काही कळत नाही.

दमाचा सराव याच मापानं करा. घड्याळ लावून दोन मिनिटं लढत, ३० सेकंद थांबा, पुन्हा दोन मिनिटं, आणि दर ३० सेकंदांनी समोर ताजा जोडीदार. आठवड्यातून तीन दिवस अशा तीन-चार लढती पुरतात. जोर, बैठका, रस्सी हे पायाभरणीसाठी आहेच, पण हजार बैठका मारणारं पोर चार मिनिटांच्या लढतीत हापसतं, तेव्हा बैठका वाढवून उपयोग नाही.

मुलींचं एक वेगळं सांगायला हवं. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि त्यानंतर घराघरांतून मुली तालमीकडे येत आहेत. पण त्यांना त्यांच्या वजनाची जोडीदार मिळत नाही. आठवड्यातून एकदा शेजारच्या दोन-तीन गावांच्या मुली एका मॅटवर आणा. एकट्या मुलीकडून नुसता व्यायाम करून घेऊन राज्याला पाठवणं तिच्यावर अन्याय आहे.

पहिली कुस्ती हरली, तरी बॅग भरू नका. तक्ता रेपेचाजचा असेल, तर अंतिम फेरीत गेलेल्या मल्लाकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा खेळायला मिळतं. पोराला गरम कपड्यात ठेवा, थोडं खाऊ घाला, टेबलावर जाऊन तक्ता स्वतः बघा. बाहेर वडापाव खायला गेलेल्या पोराचं नाव तीनदा पुकारलं जातं आणि कांस्य हातचं जातं. कानाला मार लागून कान फुगला, तर बर्फ लावा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, नंतर तो कडक होतो. डोकं आपटून पोर गरगरलं किंवा काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी कुस्ती बंद, मग पुढची कुस्ती सुवर्णाची का असेना.

आणि प्रमाणपत्र हातात पडलं, की हॉल सोडण्याआधी वाचा. जन्मदाखल्यावर आहे तसंच नाव, जन्मतारीख, वयोगट, वजन, कुस्तीचा प्रकार, क्रमांक, सही आणि शिक्का. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते. आडनावातला एक काना चुकला असेल, तर तो त्याच टेबलावर दहा मिनिटांत दुरुस्त होतो. सात-आठ वर्षांनी तोच काना घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

नमस्कार.