पाण्याचा दिवस

(दृश्य: पहाट. पूर्व भागातली एक गल्ली. नळाला पाणी आलंय. घागरी, बादल्या, पाइपांची ओढाओढ.)

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, तो पाण्याचा दिवस. त्या दिवशी बाकीची कामं बाजूला राहतात. पिंप भरायचं, टाकी भरायची, घागरी भरायच्या, शेवटी तांब्याही रिकामा ठेवायचा नाही.

अशाच एका पाण्याच्या दिवशी माझ्या आईचा मणका मोडला. ती पडली नाही, घसरलीही नाही. वाकून भरलेली बादली उचलली, पाठीत कळ आली आणि ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मग मलम झालं, शेक झाला, कुणाचा तरी कमरेचा पट्टा आणून बांधला. "पाठ दुखलालीय गं, वय झालं आता," असं ती म्हणायची. आम्हालाही ते पटायचं, कारण तेच सोपं होतं. एक्स-रे काढला तीन आठवड्यांनी. मणका पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झाला होता.

त्याच्या पाच वर्षं आधी ती उंबऱ्याला ठेच लागून हातावर पडली होती. तेव्हा मनगट मोडलं. एका दवाखान्यात प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं, पैसे दिले, घरी आलो. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो प्रश्न तेव्हा विचारला असता, तर तिचा मणका कदाचित वाचला असता. ही फिल्म त्या प्रश्नासाठी केली आहे. त्याचं उत्तर होतं ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड विरळ होऊन ठिसूळ होणं.

(दृश्य: आईच्या मांडीवर सूप. पान कापणारी कात्री. बोटांत विडी वळली जातेय.)

आईनं तीस वर्षांहून जास्त काळ विड्या वळल्या. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की मांडीवर सूप घ्यायचं ते हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत. पाठ वाकलेली, मान खाली, वरती पत्रा. अंगावर ऊन पडायचं ते विड्या पोचवायला जाताना, आणि तेही डोक्यावरून पदर घेऊन. सोबत मिश्री होतीच. गल्लीतल्या बहुतेक बायांचा दिवस असाच गेलाय. बोटं दिवसभर चालतात, पण पायांवर, खुब्यावर भार पडतच नाही. हाडाला मात्र भारच लागतो.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. त्यात दोन तऱ्हेच्या पेशींचं काम कायम चालू असतं. एक जुनं हाड उसवत जाते, दुसरी त्या जागी नवं विणत जाते. मागाच्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. साधारण तिशीपर्यंत विणणारीचा हात पुढं असतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि उसवणं एकदम वेग घेतं. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड झिजतं. पिशवी काढताना अंडाशयंही काढली असतील, तर ही झीज वेळेआधीच सुरू होते. आपल्याकडं पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बाया काही थोड्या नाहीत. त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

पुरुषांनाही हे होतं. पन्नाशीनंतर ठिसूळ हाड मोडण्याची वेळ जगभरात दर तीन बायकांत एकीवर आणि दर पाच पुरुषांत एकावर येते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, दारू-तंबाखूवाले, आणि दुखण्यावर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या खाणारे, यांनी तर जास्तच जपायला हवं. त्या पुडीत काय असतं ते देणारा सांगत नाही. पुष्कळदा ते स्टेरॉइडच असतं.

(दृश्य: दाराची चौकट. पेन्सिलीच्या खुणा.)

हा आजार दुखत नाही. दुखतं ते मोडल्यावर. पण खुणा आधीपासून दिसत असतात. आमच्या दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या रेघा आहेत, दर वर्षी वर सरकणाऱ्या. आईची रेघ कुणी मारली नव्हती. तिची साडी मात्र खालून लोळायला लागली होती. ती निऱ्या वर खोचायची आणि म्हणायची, "ही साडी लांबीला जास्तच आलीय." मांडणीवरचा वरचा डबा काढायला तिला पाट लागायला लागला. साडी तीच होती. मणके एकेक करून चेपत होते आणि आई बुटकी होत होती. तुमच्या घरी कुणाची साडी अशी लोळत असेल, तर शिंप्याकडं नेण्याआधी तिला हाडांच्या डॉक्टरकडं न्या.

(दृश्य: तपासणीचं टेबल. आई उताणी झोपलीय.)

तपासणीचं नाव डेक्सा. सुई नाही, भुयारासारखं मशीन नाही. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. कंबर आणि खुबा यांची घनता मोजतात आणि निरोगी तरुण हाडाशी ताडून आकडा देतात. त्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. आईचा उणे ३.१ आला. शिबिरात टाचेला मशीन लावून जी तपासणी करतात, ती नुसती चाळणी असते. तेवढ्या कागदावर औषध सुरू करायचं नसतं आणि निर्धास्तही व्हायचं नसतं. डॉक्टरांनी सोबत रक्तही तपासायला सांगितलं: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड. हाड विरळ होण्यामागं कधी कधी दुसराच आजार दडलेला असतो.

औषध लागलं ते आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचं. आम्ही बुधवार ठरवला. ही गोळी नेमानंच घ्यावी लागते. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला जाळते. कॅल्शियमची गोळी त्या वेळी नाही, ती जेवणासोबत. दुसऱ्या कुणाला वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात, कुणाला सहा महिन्यांनी इंजेक्शन. ते सहा महिन्यांचं इंजेक्शन मनानं कधीच थांबवू नये. ते अचानक बंद केलं तर झीज उसळून येते आणि मणके मोडू शकतात. दाताचं मोठं काम काढायचं असेल, तर औषध सुरू होण्याआधी उरकून घ्यायचं.

आईनं दोन महिन्यांत गोळी सोडली होती. पाठ दुखायची थांबली, मग कशाला, असं तिचं म्हणणं. शेजारच्या अक्काही तिच्याच बाजूच्या. पण ही गोळी दुखण्यावरची नाहीच, पुढचं हाड मोडू नये म्हणून ती असते. मला विचाराल तर बहुतेक घरं इथंच चुकतात. आता कॅलेंडरवर बुधवारी लाल खूण असते आणि ती खूण नातीनं करायची असते.

(दृश्य: स्वयंपाकघर. तव्यावर भाकरी. ओट्याला धरून आई एका पायावर उभी.)

खाण्याचं सांगायचं तर ज्वारीची भाकरी आपला जीव की प्राण. पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आसपासच. नाचणीत साडेतीनशेच्या घरात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं. म्हणून भाकरी सोडायची नाही, तिच्या जोडीला आणखी काही घ्यायचं. भोगीच्या भाकरीला आपण तीळ लावतो, ते एका दिवसापुरतंच का? शेंगाचटणीतही मूठभर तीळ कुटता येतात. दुपारी ताक, रात्री दूध, आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला. आणि डाळ, मटकी, अंडी हवीतच, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. मुतखडा होऊन गेलेल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

उन्हाचं सोलापूरकराला काय सांगावं! पण ड जीवनसत्त्व देणारं ऊन पहाटेचं कोवळं नव्हे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं. थंडीत आई हात-पाय उघडे ठेवून अंगणात पंधरा-वीस मिनिटं बसते. पारा चाळीसच्या वर गेला की बसत नाही, तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेवर भागवतो.

व्यायाम शिकवला फिजिओथेरपिस्टनं. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं. एका पायावर दहा आकडे मोजायचे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. ज्या योगासनांत पुढं वाकून पायाचे अंगठे धरतात, ती आईला बंद केली. मणके आधीच चेपलेले असले की तशा वाकण्यानं आणखी चेपतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला बरं होऊन काय करायचंय?" आई म्हणाली, "संक्रांतीला नंदीध्वजांच्या मागं चालायचंय." सिद्धेश्वराच्या जत्रेत हे उंच ध्वज मिरवणुकीनं शहरातल्या ६८ लिंगांना फेरा घालतात. तो अख्खा फेरा तिला झेपणार नव्हता. पण रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं ती चालायला लागली. आधी दहा मिनिटं, मग वीस, पायात पट्ट्याची चप्पल. गड्ड्याच्या, म्हणजे त्या जत्रेच्या वेळी, नंदीध्वज निघतात त्या वाड्यापासून देवळापर्यंत ती गर्दीच्या कडेकडेनं चालली, माझा हात धरून. मिश्रीची डबी सुटायला मात्र अजून दोन वर्षं लागली.

(दृश्य: पुन्हा पहाट. तीच गल्ली, तोच नळ.)

मोरीत आता खरखरीत फरशी आहे, भिंतीला धरायला दांडा आहे. आई स्टुलावर ताठ बसून पाइप धरते. घागर आम्ही मोडीत काढली, लहान बादल्या आणल्या. बादली अर्धी झाली की ती पाइप दुसरीत टाकते.

"बस, एवढीच. घे आता. गुडघ्यात वाक गं, पाठीत नको."

(दृश्य: मुलगी गुडघ्यात वाकून बादली उचलते.)