अकरावा तुकडा

श्रोतेहो, नमस्कार. पेशीच्या पृष्ठभागावर बसून इन्सुलिनचा निरोप आत पोहोचवणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, एकाच जनुकापासून दोन रूपांत कसा तयार होतो, हे आज सांगायचे आहे. पण त्याआधी भरताची एक हकिकत ऐकावी लागेल.

स्पूलच्या टेपचे दिवस होते. यावल तालुक्यातील एका आजीबाईंकडून भरताची कृती मी ध्वनिमुद्रित करून आणली होती. मध्येच त्या म्हणाल्या होत्या, ‘‘हे बामनोदच्या वांग्याचं सांगते मी, दुसऱ्या वांग्याले हे जमत नही.’’ सकाळच्या कार्यक्रमात ही कृती पूर्ण लागली. संध्याकाळी वेळ कमी होता, म्हणून आमच्या सहकाऱ्याने दुसऱ्या प्रतीतून नेमके हेच वाक्य ब्लेडने तिरपे कापून काढले आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडली. सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर वेगाने तीन सेकंद, म्हणजे हातभराहून थोडी अधिक टेप. जोड असा सफाईदार की कानाला खटकासुद्धा जाणवला नाही. (संगणकावर कापणाऱ्यांच्या हाताला ती सफाई येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.) आठवड्याने पत्रे आली. सकाळी ऐकणाऱ्यांपैकी बामनोदची ती हिरवट-पांढरी वांगी पिकवणाऱ्यांनीच लिहिले होते. संध्याकाळी ऐकणाऱ्यांनी मात्र शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत घरात असेल ते वांगे पऱ्हाट्यांवर भाजले होते, आणि कडवट, बियाळ भरताची तक्रार माझ्या नावे लिहिली होती. एकीने तर गॅसवर भाजले होते. त्याला भरीत म्हणावे काय, हा प्रश्न वेगळा.

पेशीतही असेच घडते. जनुकाची जी आरएनए प्रत निघते तिच्यातील मधले भाग कापले जातात आणि कामाचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, जोडले जातात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ही कापाकापी १९७७ मध्ये दाखवली आणि १९९३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. इन्सुलिन ग्राहीच्या जनुकात असे २२ तुकडे असतात. त्यांतील अकरावा अवघ्या ३६ अक्षरांचा, म्हणजे तीन अक्षरांना एक याप्रमाणे प्रथिनातल्या १२ अमिनो आम्लांचा, आणि तो कधी ठेवला जातो, कधी वगळला जातो. ठेवला तर ‘बी’ रूप, वगळला तर ‘ए’ रूप. यकृतात प्रामुख्याने असणारे ‘बी’ रूप मुख्यतः इन्सुलिनलाच दाद देते. गर्भात भरपूर असणारे ‘ए’ रूप इन्सुलिनबरोबरच आयजीएफ-२ या वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकालाही घट्ट धरते.

तुकडा ठेवायचा की नाही, हे आरएनएला चिकटणारी प्रथिने ठरवतात. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात त्यांपैकी मसलब्लाइंड नावाचे प्रथिन एका सदोष आरएनएमध्ये अडकून पडते, स्नायूंत अकरावा तुकडा अधिक वेळा गळतो, ‘ए’ रूप वाढते आणि इन्सुलिनला स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. ग्राहीच्या स्वतःच्या जनुकात मात्र एक अक्षरही बदललेले नसते.