टे सरोवरातलं अडीच हजार वर्षांपूर्वीचं लोणी

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातलं हे टे सरोवर. लांबी सुमारे २३ किलोमीटर. काठालगत दगडांची लहान लहान बेटं आहेत, त्यांतली बरीचशी आता पाण्याखाली गेली आहेत. अशी १८ बेटं इथं सापडली. ती सगळी माणसांनी घरं बांधण्यासाठी रचलेली. त्यांना क्रॅनॉग म्हणतात.

यांतल्या ओकबँक क्रॅनॉगचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ निकोलस डिक्सन यांनी १९८० मध्ये सुरू केलं. पाणबुड्यांचा पोशाख चढवून, हाडं गोठवणाऱ्या पाण्यात. दगड बाजूला केले आणि खाली लाकडी खांब दिसू लागले. टोक काढून तळाच्या चिखलात रोवलेले. कुऱ्हाडीचे घाव अजून जसेच्या तसे! या खांबांवर फळ्यांचा मचाण होता, त्याच्यावर गोल घर, आणि काठावर यायला साकव.

घर कोसळलं, तेव्हा आतलं सगळं गाळात गेलं. त्या थंड गाळात प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे कुजण्याची क्रियाच थांबली. जमिनीवरच्या घरात जे कधीच मातीला मिळालं असतं, ते इथं हाताला लागलं. जमिनीवर अंथरलेला नेचा. मेंढ्यांच्या लेंड्या. विणलेल्या कापडाचा तुकडा. आणि एक लाकडी भांडं, ज्याला आतून लोणी चिकटलेलं होतं.

या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्यातल्या कुणाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्या घरात दूध होतं, लोणी निघत होतं, एवढं खात्रीनं सांगता येतं. मला तर कुठल्याही राजाच्या सोन्यापेक्षा हे भांडं मोलाचं वाटतं.

क्रॅनॉगची परंपरा मात्र याहून कितीतरी जुनी. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्याच ल्युइस बेटावर नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे ख्रिस मरे यांना एका क्रॅनॉगभोवती नवाश्मयुगीन मडकी सापडली. पुढच्या संशोधनात तिथल्या काही क्रॅनॉगचा काळ इसवी सनपूर्व ३६४० ते ३३६० असा निघाला. म्हणजे इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचे प्रचंड दगड उभे राहण्याच्या कितीतरी आधी.

ओकबँकच्या आधारे टे सरोवरातल्या क्रॅनॉग केंद्रात उभारलेलं घर १९९७ पासून लोकांना पाहता येत होतं. जून २०२१ मध्ये ते आगीत काही मिनिटांत जळून गेलं. उत्खननातल्या मूळ वस्तू वाचल्या. २०२४ मध्ये सरोवराच्या उत्तर काठावर हे केंद्र नव्यानं सुरू झालं. तिथं आज लाकूडकाम, विणकाम आणि चुलीवरचा स्वयंपाक त्या काळच्या पद्धतीनं करून दाखवतात.