बर्डीतलं टेबल आणि न उघडणारी डिस्क

(दृश्य: सीताबर्डी, मुंजे चौकामागची गल्ली. भर दुपार. कूलरची घरघर.)

मे महिन्यात दुपारी दोन वाजता बर्डीत फिरतो तो एकतर नागपुरात नवखा असतो, नाहीतर त्याचं काम अडलेलं असतं. माझं अडलं होतं. लॅपटॉप सुरूच होईना. डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी या गल्लीत आलो, जिन्याखालच्या दुकानात. टेबल जेमतेम दीड हात रुंद. त्यावर स्क्रू ठेवायची चुंबकाची वाटी, एक जुना ब्रश, सोल्डरिंगचं सामान आणि कालच्या पेपरावर अर्धी राहिलेली तर्री पोह्यांची प्लेट.

दुकानातल्या दादाने लॅपटॉप उलटा केला. स्क्रू एकेक करून वाटीत पडले. मी म्हटलं, "पासवर्ड सांगून ठेवू का?"

तो हसला. "काहून? मले कुठं लागते पासवर्ड."

या फिल्मची कल्पना त्याच क्षणी डोक्यात आली.

(दृश्य: डिस्क केसिंगमध्ये बसते. शेजारच्या कॉम्प्युटरवर फोल्डरं उघडतात.)

त्याने डिस्क काढली, प्लास्टिकच्या केसिंगमध्ये बसवली आणि वायर स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. तिकडच्या विंडोजने विचारलं, या फोल्डरची परवानगी तुम्हाला नाही, पुढे जायचं? त्याने 'पुढे' दाबलं. झालं. आईचे रिपोर्ट, शेताचा सातबारा, आयकराची विवरणपत्रं, आधारकार्डाचा फोटो, आणि 'इतर' नावाचं एक फोल्डर, ज्याविषयी निवेदनात काही बोलायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

सहा वर्षं रोज सकाळी मी तो पासवर्ड टाकत होतो. पण तो विचारतं विंडोज, आणि ते माझ्या डिस्कवरचं विंडोज इथे सुरूच झालं नव्हतं. रखवालदार झोपला होता असंही म्हणता येत नाही. तो कामावर आलाच नव्हता.

डिस्क काढण्याचेही कष्ट नकोत, तर बूटेबल पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी प्रणाली टाका, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, आतली डिस्क समोर हजर. मालकाच्या संमतीने केलं तर यात बेकायदेशीर काही नाही. बंद पडलेल्या मशीनमधून लोकांचे लग्नाचे फोटो दादा याच वाटेने वाचवतो.

माझा दादा भला माणूस आहे. पण सगळेच तसे असतील असं धरून चालता येत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी मुद्दाम बिघडवलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि आत काय काय होतं याची नोंद गुपचूप ठेवली. 16 पैकी 6 ठिकाणी गिऱ्हाइकाच्या खासगी फाइली उघडल्या गेल्या होत्या. काहींनी त्या कॉपीही करून घेतल्या.

(दृश्य: काळी स्क्रीन. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, क्षणभर.)

मग कुलूप लावायचं कुठे? पहिली जागा बायोस. बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी जागा होतो तो हा छोटा प्रोग्राम. त्याच्या नव्या अवताराला यूईएफआय म्हणतात, पण बर्डीत अजून सगळे बायोसच म्हणतात. आत जायला सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत एफ टू किंवा डिलीट दाबावं लागतं. आमच्या डोक्यावर टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आहे. तो लष्कराकडे असल्यामुळे 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना पाहता येतो. बायोसचा दरवाजा त्या मानाने उदार, रोज उघडतो. फक्त चहाचा घोट घेईपर्यंत बंद होतो.

आत दोन वेगळे पासवर्ड दिसतात. एक सेटअपचा, म्हणजे बायोसच्या सेटिंगला कोणी हात लावू नये म्हणून. दुसरा चालू करतानाचा. तो टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकतच नाही. लोक दुसरा लावतात आणि पहिला सोडतात. खरं तर पहिल्याचं काम मोठं आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू होणं बंद करायचं आणि त्या सेटिंगला सेटअपच्या पासवर्डाचं कुलूप घालायचं, तर लिनक्सची ती वाट बुजते.

पण बायोसच्या पासवर्डाची कथा मजेदार आहे. 1984 मध्ये आयबीएमने पीसी एटी नावाचं मशीन काढलं. त्यात घड्याळ आणि सेटिंग एका लहानशा मेमरीत राहत आणि ती मेमरी बॅटरीवर जिवंत राही. पुढे वर्षानुवर्षं पासवर्डही तिथेच बसला. म्हणजे बॅटरी काढली की मशीन सगळं विसरलं, पासवर्डासकट.

दादा जुन्या डेस्कटॉपचा डबा उघडून दाखवतो. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत सेल. सीआर 2032. हा आकडा उगाच नाही: 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. नखाने उचलला, थोडं थांबला, परत बसवला. पासवर्ड गेला. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर एवढी जबाबदारी टाकणाऱ्या इंजिनिअरांचं मला कौतुक वाटतं.

आजच्या लॅपटॉपमध्ये ही युक्ती बहुधा चालत नाही. पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढला तरी तिथेच राहतो. विसरलात तर काही कंपन्या मालकीचा पुरावा बघून मार्ग काढून देतात, काही सरळ मदरबोर्ड बदला म्हणतात. पण बायोसला कितीही भक्कम कुलूप घाला, ते मदरबोर्डवर. तुमचे सातबारे डिस्कवर. डिस्क पुन्हा केसिंगमध्ये.

(दृश्य: दुकानाच्या दारात एक बाई. हातात कापडी पिशवी.)

आमचं शूटिंग चालू असतानाच एक काकू आल्या. चेहरा दाखवू नका म्हणाल्या, म्हणून तुम्हाला फक्त पिशवी दिसते आहे. पिशवीत यजमानांचा लॅपटॉप. ते इतवारीतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कराची कामं करत. दिवाळीनंतर अचानक गेले.

दादाने बटण दाबलं. विंडोजच्या आधीच काळ्या पडद्यावर एक पेटी आली. कुलपाचं चित्र, शेजारी डिस्कचं चित्र.

"काकू, हा हार्ड डिस्कचा पासवर्ड आहे."

"मग तुम्ही ती काढून दुसरीकडे लावा न भाऊ. लोक सांगत होते, तुम्ही लावून देता."

"नाही होत न काकू. हे वेगळं आहे."

वेगळं म्हणजे काय, ते सांगायला थोडा वेळ घ्यावा लागेल.

काकूंच्या लॅपटॉपमध्ये जुन्या धाटणीची साटा डिस्क आहे. अशा डिस्कवर स्वतःचा एक लहान कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप असते, आणि कुलूप लावायची सोय 1990 च्या दशकापासून डिस्कच्या ठरलेल्या मानकातच आहे. पासवर्ड बायोसच्या पडद्यावर टाकतात म्हणून तो बायोसचा वाटतो. पण तो राहतो डिस्कवर. म्हणून डिस्क काढा, केसिंगमध्ये घाला, दुसऱ्या गावाला न्या, ती वाचू देत नाही. पाच वेळा चुकलं की वीज काढून पुन्हा देईपर्यंत खराही पासवर्ड ऐकत नाही.

शिवाय पासवर्ड दोन असतात, युजर आणि मास्टर. आणि पातळ्याही दोन. 'हाय' पातळीवर मास्टर पासवर्डाने डिस्क उघडता येते. 'मॅक्झिमम' पातळीवर मास्टरने एकच गोष्ट करता येते: सगळं पुसणं. डिस्क परत वापरात येते, पण कोरी होऊन. काकूंची डिस्क याच पातळीवर आहे. ही पातळी ठरवणाऱ्याने घरच्या माणसाचा विचार केला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर चोर होता.

आणखी एक खोच. पडद्यावर टाइप केलेली अक्षरं काही कंपन्यांचे लॅपटॉप जशीच्या तशी डिस्ककडे पाठवत नाहीत, आपल्या पद्धतीने बदलून पाठवतात. म्हणून डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसवली तर बरोबर पासवर्डही चूक ठरू शकतो. "लॅपटॉप विकू नका," दादाने काकूंना बजावलं ते यासाठी.

हे झालं साटा डिस्कचं. नव्या एनव्हीएमई एसएसडीची, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची पद्धत वेगळी आहे, आणि अनेक स्वस्त लॅपटॉपच्या बायोसमध्ये डिस्क पासवर्डाचा पर्यायच नसतो.

(दृश्य: उघडी डिस्क, तिच्या खालचा हिरवा बोर्ड.)

मग हे कुलूप अभेद्य आहे का? नाही. साध्या डिस्कवर अक्षरं आत उघडीच लिहिलेली असतात, कंट्रोलर फक्त द्यायला नकार देतो. डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळा काही मॉडेलांत त्या कंट्रोलरला बगल देतात, भरपूर पैसे घेऊन. यावर उत्तर म्हणून आतल्या आत एन्क्रिप्शन करणाऱ्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं बदलून लिहिणाऱ्या डिस्का आल्या. तर 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी नावाजलेल्या एसएसडी तपासल्या आणि काहींमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची किल्ली यांचा नीट संबंधच जोडलेला नाही असं दाखवलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या सोयीचा रोख बदलला. डिस्कच्या शब्दावर विसंबण्याऐवजी एन्क्रिप्शन विंडोज स्वतः करू लागलं.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. कॉम्प्युटरवर एकच गोष्ट करायची असेल तर बिटलॉकर लावा. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. यात डिस्कवर लिहिलेलं प्रत्येक अक्षरच बदललेलं असतं. नकार द्यायला कंट्रोलर लागत नाही. वाचलं तरी कचराच हाती येतो. विंडोज होममध्ये याचाच धाकटा भाऊ आहे, डिव्हाइस एन्क्रिप्शन. तो अनेकांच्या मशीनवर आधीपासून चालू असतो आणि त्यांना पत्ता नसतो. पत्ता लागतो तो मदरबोर्ड बदलल्यावर, निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते तेव्हा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, म्हणून एक आकडा चुकला तरी मशीन लगेच पकडतं. शाळेत 11 ची कसोटी घोकून घेणाऱ्या गुरुजींनी हे ऐकायला हवं होतं.

एक वाट तरीही राहते. साधारणपणे बिटलॉकरची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि मशीन सुरू होताना आपोआप फिरते. अख्खा लॅपटॉपच चोरीला गेला तर ती चोरासाठीही फिरेल, आणि पुढे फक्त विंडोजचा पासवर्ड उरेल. प्रो आवृत्तीत यावर सुरू होतानाचा पिन लावता येतो. तो लावलात तर मशीन झोपवून ठेवायची सवयही सोडा, रात्री पूर्ण बंद करा, कारण झोपलेल्या मशीनच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, किल्ली शिल्लक असते. 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धूळ उडवायच्या स्प्रेचा डबा उलटा धरून रॅमची चिप गारठवली आणि वीज गेल्यावरही तिच्यातून किल्ल्या वाचून दाखवल्या. मे महिन्यातल्या बर्डीत हा प्रयोग करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून सावजी जेवण.

पिन आणि पासवर्ड ठरवताना एवढं बघा: बायोसला देवनागरी येत नाही, आणि नमलॉक चालू की बंद हे टाइप करताना दिसत नाही.

(दृश्य: काकू. पिशवी मांडीवर.)

काकूंच्या यजमानांनी चूक काय केली? कुठलीच नाही. व्यापाऱ्यांचे हिशेब त्यांच्याकडे विश्वासाने दिलेले होते आणि त्यांनी ते राखले. तो पासवर्ड त्यांनी कागदावर लिहिला नाही. शिस्तीची माणसं लिहीत नाहीत.

"मास्टरने पुसून देतो," दादा म्हणाला. "डिस्क चांगली आहे, कामात येईल."

"आत काय असेल हो?"

"ते नाही सांगता येत काकू."

"राहू द्या मग."

त्यांनी लॅपटॉप रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. दादाने पैसे घेतले नाहीत.

(दृश्य: त्रिमूर्ती नगर. संध्याकाळ. स्वयंपाकघरातलं टेबल.)

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. गोदरेजच्या कपाटाची किल्ली कपाटावरच ठेवलेली होती, जशी घरोघरी असते. टेबलावर लॅपटॉप, शेजारी शंभर पानी वही. डिस्कला पाच चुका चालतात, पण हा लॅपटॉप तिसऱ्यालाच थांबतो. मग बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. वहीत एका खाली एक शब्द: मुलीचं घरचं नाव, पहिल्या स्कूटरचा नंबर, यजमानांच्या गावाचं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेलं. चुकलेल्यावर पेन्सिलीची रेघ.

"दुपारी नाही करत," काकू म्हणाल्या. "गरम होतो तो. दिवेलागणीनंतर बसते."

त्यांनी बटण दाबलं. पेटी आली. त्यांनी वहीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.